भाकर पुढे सरकवणाऱ्या सगुणाबाई

सगुणाबाई भालेरावांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "साहेब, मनुके बियांसकट भिजवायचे का बिया काढून?"

मी त्या मंडळीत पाळक म्हणून नुकताच येत होतो. तिसगावच्या बाजारापासून आत गेलं की लागणारं पाथर्डी तालुक्यातलं कोरडं गाव. चाळीसेक ख्रिस्ती घरं, एक दगडी देऊळ, म्हणजे चर्च, आणि देवळाला चिकटून पाळकाचं घर. माझं सामान अजून टेम्पोतून उतरत होतं. कपाट दारात अडकलं होतं, बायको वैतागली होती, आणि चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली एक साठीच्या आसपासची बाई अंगणात उभी राहून मनुक्यांचं विचारत होती. मला प्रश्नच कळला नाही.

"प्रभुभोजनाचा रस," त्या म्हणाल्या. "आधीचे साहेब बिया काढायला लावायचे. त्यांच्या आधीचे म्हणायचे, राहू द्या. तुमचं काय ते नीट सांगा."

"तुम्हाला सोयीचं वाटेल तसं करा."

"सोयीचं नका सांगू. बरोबर काय ते सांगा."

मी म्हणालो, बिया काढा. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं आणि त्या कपाट ढकलायला लागल्या.

पुढची आठ वर्षं, महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या स्मरणार्थ मंडळीत वाटायची भाकर आणि रस त्यांच्याच घरून आला. शनिवारी दुपारी काळे मनुके भिजत घालायचे, संध्याकाळी हातानं चुरून पातळ फडक्यातून गाळायचे, एक उकळी द्यायची आणि निवल्यावर बाटलीत भरायचे. भाकर म्हणायची, पण असायची ती गव्हाची जाड पोळी, बिनमिठाची. तव्यावर काळा डाग पडला की ती पोळी बाजूला. डागाच्या पोळ्या त्या स्वतः चहाबरोबर खायच्या. पांढरा कपडा इस्त्री करून, चार घड्या घालून आणायच्या. हे काम त्यांना कोणी नेमून दिलं नव्हतं. सासू करायची, मग यांच्याकडे आलं.

अंगणवाडीत सेविका म्हणून त्यांनी तीस-बत्तीस वर्षं काढली होती. त्यामुळे समोर कोणीही असो, त्या लहान पोराशी बोलावं तशा बोलायच्या: सावकाश, सरळ आणि डोळ्यांत बघून. कोणी आडवळणानं बोलायला लागलं की मधेच म्हणायच्या, "नीट सांगा." मंडळीच्या पंचांना म्हणायच्या, तलाठ्याला म्हणायच्या, आणि मला वाटतं, देवालाही म्हणत असाव्यात. प्रार्थना करताना त्यांचे डोळे उघडे असायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडं बघू नये व्हय? आता तो दिसत न्हाई, ती गोष्ट येगळी."

नवरा एसटीत ड्रायव्हर होता. तो गेला त्याला दहाएक वर्षं झाली होती. देवळामागच्या दफनभूमीत, बाभळीशेजारी त्याची कबर. एकच मुलगी, सुवार्ता. पुण्यात एका दवाखान्यात लॅबमध्ये नोकरीला होती.

सगुणाबाईंच्या दारासमोर कुमुदबाईंचं दार. मधली बोळ इतकी अरुंद की दोघींच्या दारातल्या चपला एकमेकींना लागायच्या. कुमुदबाईंचे यजमान हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर आणि मंडळीचे सेक्रेटरी. कुमुदबाई स्वतः महिला मंडळाच्या अध्यक्षा. मोठा आवाज, मोठं कुंकवाशिवायचं कपाळ, आणि कोणाच्याही आजारपणात सगळ्यांत आधी हजर. दोघी लग्न होऊन एकाच वर्षी या बोळीत आलेल्या. एकीचं दूध नासलं तर दुसरीच्या घरून यायचं. सुवार्ता झाली तेव्हा नाव कुमुदबाईंनीच सुचवलं होतं.

जे घडलं ते माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी.

सुवार्ताचं लग्न ठरत आलं होतं. कोपरगावचा मुलगा, शिक्षक, घर चांगलं. मुला-मुलीची पसंती झाली होती, साखरपुड्याचा दिवस काढायचा होता. सुवार्ताला कॉलेजात असताना दोन-तीनदा फिट आली होती. औषध चालू होतं, चार वर्षांत काही झालं नव्हतं, पण सगुणाबाईंना ते लपवायचं नव्हतं. साखरपुड्याआधी आपण स्वतः कोपरगावला जायचं, मुलाच्या आईवडिलांना समोर बसवून सांगायचं, असं त्यांनी मुलीशी बोलून ठरवलं होतं. धीर होत नव्हता एवढंच.

म्हणून बुधवारच्या महिला प्रार्थनेत, जिथे बायका आपापलं ओझं सांगतात, तिथे त्या बोलल्या. आठ-नऊ बायका होत्या. "माझ्या लेकीचं असं असं हाय. त्या लोकांना नीट सांगायचं बळ मिळावं म्हणून प्रार्थना करा. अन् हे इथंच राहू द्या."

कुमुदबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली. रडल्याही.

शुक्रवारी कोपरगावहून फोन आला. सगुणाबाईंना नाही, थेट सुवार्ताला, पुण्याला, कामावर. मुलाच्या आत्यानं केला होता. तुम्ही आम्हाला फसवायला निघाला होतात, देवाच्या लोकांनी असं करावं का, वगैरे. लग्न मोडलं. कुमुदबाईंची बहीण कोपरगावला त्यांच्याच शेजारी राहते, हे नंतर कळलं.

सुवार्ता शनिवारी आली, आईशी दोनच वाक्यं बोलली आणि रविवारी पहाटेच्या गाडीनं गेली. ती सगुणाबाईंनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितली. "तू माझं दुखणं त्यांच्यापुढं वाटलंस," असं म्हणाली होती. मग पुढे एक अट घातली: "ती बाई ज्या देवळात बसते, तिथं तू बसतेस तोवर मी या गावात येणार नाही."

आणि सगुणाबाईंना तर दुसरं देऊळ नव्हतं.

प्रभूनं अशा वेळी काय करावं ते सांगून ठेवलं आहे: ज्याचं चुकलं त्याच्याकडे आधी एकट्यानं जावं, न ऐकलं तर दोघा-तिघांना घेऊन, तरी न ऐकलं तर मंडळीपुढे. आम्ही पाळक लोक हे शिकवतो. करताना मी एकाच बाईला पाहिलं.

त्या एकट्या गेल्या. कुमुदबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी काय वाईट बोलले का? मी तर बहिणीला फक्त प्रार्थनेसाठी सांगितलं."

मग त्या मला आणि पंचांमधल्या एका वयस्क गृहस्थांना घेऊन गेल्या. हेडमास्तरांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा दिला. कुमुदबाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग त्यांचा आवाज चढला. "आज ना उद्या कळणारच होतं. उलट लग्नानंतर कळलं असतं तर पोरीचे हाल झाले असते. मी तर वाचवलं तिला." सगुणाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण नंतर मी ते फार वेळा मनात ऐकलं. मी म्हणालो, "झालं ते झालं. दोन्हीकडून थोडं थोडं सोडून द्या."

बाहेर आल्यावर बोळीतच त्या थांबल्या. "साहेब, माझ्याकडून काय सोडायचं, तेवढं नीट सांगा."

मी घराकडे चालायला लागलो.

तिसऱ्या पायरीला मी त्यांना अडवलं. मासिक सभेत हा विषय घ्या म्हणून त्या आल्या, तेव्हा मी म्हणालो, चाळीस घरांची मंडळी आहे, दोन तट पडतील, सेक्रेटरीच्या घरचा मामला आहे, आणि तुमच्या मुलीचा आजार पुन्हा सगळ्यांच्या तोंडी होईल. शेवटचं कारण खरं होतं. पण मी ते पुढे केलं ते माझ्या भीतीवर पांघरूण म्हणून. पुढच्या रविवारी मी क्षमेवर उपदेश केला. दारात सगळ्यांना सलाम करताना सगुणाबाई म्हणाल्या, "उपदेश चांगला व्हता. पण एकाच बाकाकडं बघून केलात."

त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आली. नेहमीसारखीच, एकही डाग नसलेली. इस्त्रीचा कपडा, गाळलेला रस. मी आशीर्वाद मागितला, पंचांनी ताटं फिरवली. बायकांच्या बाजूला ताट सगुणाबाईंपर्यंत आलं. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं, क्षणभर पाहिलं, आणि पुढच्या बाईकडे सरकवलं. पेल्यांचं ताटही तसंच. कुमुदबाई मागच्या रांगेत होत्या. त्यांनी डोळे मिटून भाकर खाल्ली.

दुपारी मी सगुणाबाईंच्या घरी गेलो. म्हणालो, बाई, हे काय?

"माझ्या मनात तिच्याविषयी जे हाय ते घेऊन मी हात पुढं करू शकत न्हाई. खोटं व्हईल."

"मग भाकर करता कशाला?"

"ती मंडळीची हाय. माझ्या रागापायी मंडळीनं उपाशी का राहायचं?"

"मग राग सोडा."

"सोडते हो साहेब. रोज सोडते. सकाळी दार उघडलं की ती समोर उभी असते. राग पुन्यांदा चिकटतो." मग म्हणाल्या, "क्षमा करायला मी तयार हाय. पण काहीच घडलं न्हाई असं म्हणायला लावता तुमी सगळे. ते मला जमत न्हाई."

असं सहा वर्षं चाललं.

ते दिवस कसे गेले असतील याचा मी नंतर विचार केला आहे. उन्हाळ्यात टँकर यायचा तिसऱ्या-चौथ्या दिवशी. हंड्यांच्या रांगेत दोघींचे हंडे पुढे-मागे. पाइप एकीनं धरायचा, दुसरीनं हंडा लावायचा, शब्द नाही. एकीच्या कुकरच्या शिट्ट्या दुसरीला मोजता याव्यात इतकी घरं जवळ. रविवारी देऊळ, बुधवारी प्रार्थना. बुधवारी सगुणाबाई जायच्या, बसायच्या, इतरांची ओझी ऐकायच्या, त्यांच्यासाठी डोळे उघडे ठेवून प्रार्थना करायच्या. स्वतःचं मात्र पुन्हा कधी काही सांगितलं नाही. आणि संध्याकाळी पुण्याहून फोन आला तर पहिला प्रश्न ठरलेला: "आज गेली होतीस?" त्या खोटं बोलत नसत. "व्हय, गेल्ते." मग पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज.

एकदा त्यांनी सुटायचा प्रयत्न केला. पाथर्डीत एका हॉलमध्ये नवी प्रार्थनेची संगती सुरू झाली होती. गिटार, ढोल, दोन-दोन तास गाणी. कोणीतरी त्यांना नेलं. परत आल्या त्या संध्याकाळी माझ्या बायकोशी पडवीत बसून बोलल्या. मी आत होतो, पण ऐकू येत होतं.

"लई बरं वाटलं. कोणी मला वळखत नव्हतं."

"मग जात जा ना."

"तेच तर. वळखत नव्हतं म्हणून बरं वाटलं. ती कसली संगती? तिथं मला दुखवायला पन कोणी न्हाई अन् माझं मयत उचलायला पन." थोड्या वेळानं म्हणाल्या, "इथं माझा मालक पुरलाय. माझा बाप्तिस्मा इथला. हिच्यापायी मी जाऊ कुठं? अन् राहू तरी कशी?"

बायकोनं त्यांना डाळ निवडायला दिली. दोघी डाळ निवडत बसल्या.

माझ्या आठव्या वर्षी बदलीचं पत्र आलं. जाण्याआधी दोन महिने नगरहून एक वडीलधारे पाळक प्रभुभोजन द्यायला आले. उपासनेनंतर जेवताना त्यांनी सहज विचारलं, "ती चष्म्याची काडी बांधलेली बाई मंडळीची सभासद नाही का? तिनं काहीच घेतलं नाही."

"प्रकृती बरी नसते त्यांची," मी म्हणालो.

सगुणाबाईंच्या हातची भाकर मी तासाभरापूर्वी खाल्ली होती, आणि त्यांच्याबद्दल सरळ खोटं बोललो होतो. ज्या बाईनं खोटं नको म्हणून सहा वर्षं स्वतःला त्या मेजापासून दूर ठेवलं, तिच्याबद्दल.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. म्हणालो, पुढच्या महिन्यात माझा इथला शेवटचा प्रभुभोजनाचा रविवार आहे. मला मंडळीपुढे बोलायचं आहे. तुमची परवानगी हवी.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पोरीचं नाव घ्यायचं न्हाई. आजाराचं न्हाई. कुमुदचं पन नाव घेऊ नका."

"मग सांगू काय?"

"तुमचं काय असंल ते. तेवढंच."

त्या रविवारी मी मेजापाशी उभा राहिलो आणि ताटांवरचा कपडा काढण्याआधी बोललो. म्हणालो, सहा वर्षांपूर्वी या मंडळीतली एक बहीण दुखावली गेली. शास्त्रात सांगितल्याप्रमाणे ती माझ्याकडे आली. मी तिला न्याय दिला नाही. मी घाबरलो, आणि माझ्या भीतीला शांतता असं नाव दिलं. वर तिलाच क्षमेचा उपदेश केला. मी तिची आणि तुम्हा सर्वांची क्षमा मागतो.

हेडमास्तर खाली बघत होते. कुमुदबाई ताठ बसल्या होत्या. ताट सगुणाबाईंपर्यंत आलं आणि त्यांनी ते पुढे सरकवलं. मला वाटलं होतं, आज तरी. पण मी माझं सांगितलं होतं. त्यांचं अजून तसंच होतं.

त्या आठवड्यात मी सुवार्ताला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "सहा वर्षं लागली तुम्हाला, साहेब." आणि फोन ठेवला. तिच्या जागी मीही ठेवला असता.

आमचं सामान बांधायला घेतलं होतं तेव्हा एका दुपारी सगुणाबाई आल्या. उन्हातून आल्या होत्या, तरी पाणी नको म्हणाल्या.

"कुमुद आल्ती," त्या म्हणाल्या.

मी हातातली दोरी खाली ठेवली.

"दारात उभी राहिली. चप्पल पायातच. म्हणाली, चुकलं माझं सगुणा. मी बहिणीला सांगायला नको व्हतं, अन् नंतर कबूल करायला पाहिजे व्हतं. मास्तर बोलत न्हाईत माझ्याशी रविवारपासून, म्हणाली."

"मग?"

"मग काय. या म्हटलं. बसली. पानी दिलं."

"म्हणजे मिटलं," मी म्हणालो. माझा आवाज आनंदानं चढला असावा, कारण त्यांनी माझ्याकडे जरा कठोरपणे पाहिलं.

"तुमाला लई घाई असती, साहेब. माझ्यापुरतं मी सोडलं. तिनं मागितलं, मी दिलं, ते खरं हाय. पन पोरीचं लगीन काय परत येतं? ती आता पस्तिशीला आली. मी तिला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, 'माझ्या वतीनं माफ करायला तुला कोणी सांगितलं?' म्हटलं, तुझ्या वतीनं न्हाई गं. माझ्यापुरतं. ती म्हणाली, म्हणजे तू आता पुरती त्यांचीच झालीस."

"हलकं तरी वाटलं का?"

त्या विचार करून बोलल्या. त्या नेहमीच विचार करून बोलत. "न्हाई. आधी निदान रागवायची सोय व्हती. आता ती पन गेली."

नव्या पाळकांच्या हाताखालच्या पहिल्या प्रभुभोजनात त्यांनी भाकर घेतली, असं मला मंडळीतल्या एकानं फोन करून कळवलं. रस थोडा पदरावर सांडला म्हणे. मी तिथे नव्हतो, आणि ते बरंच झालं. मी असतो तर पुन्हा त्यांच्याच बाकाकडे बघत राहिलो असतो.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात मला कामासाठी तिकडे जावं लागलं. रविवार होता. उपासना सुरू झाल्यावर पोचलो, म्हणून गुपचूप शेवटच्या बाकावर बसलो. बाजूचं दार उघडं होतं. बाहेरच्या पायरीवर जीन्स आणि कुर्ता घातलेली एक बाई देवळाकडे पाठ करून बसली होती, हातात मोबाईल. शेजारच्यानं कानात सांगितलं, सुवार्ता आलीय. आईचे गुडघे फार धरतात, पुण्याला दाखवायला न्यायला आली. आईला हात धरून दारापर्यंत आणलं, पण आत नाही आली.

दुसरं गीत सुरू झालं. पुढून तिसऱ्या बाकावरून सगुणाबाई उठल्या. एका हातात गीतांचं पुस्तक, दुसऱ्या हातानं एकेक बाक धरत त्या मधल्या वाटेनं आल्या. कुमुदबाईंच्या बाकालाही त्यांनी हात टेकला. कुमुदबाई जरा आत सरकल्या, एवढंच. लोक गात होते. मला त्यांनी पाहिलं की नाही कोण जाणे. दाराशी आल्या, चौकटीला धरून एक पाय पायरीवर टाकला. गुडघा वाकेना. सुवार्तानं मागे वळून पाहिलं आणि घाईनं उठून त्यांना दंडाला धरून खाली बसवलं.

"आई, आत जा ना. ऊन लागतंय इथं."

"लागू दे."

"लोक बघतात."

"बघू दे. दुसरं कडवं चाललंय, थांब."

त्यांनी पुस्तक उघडून दोघींच्या गुडघ्यांवर ठेवलं. त्या गात होत्या, सूर लागत नव्हता, पण आतल्या मंडळीबरोबर शब्द बरोबर पडत होते. सुवार्ता गात नव्हती. ती रस्त्याकडे बघत होती. वारा सुटला होता, पानं फडफडून उलटत होती, आणि सगुणाबाईंनी एका हातानं चौकट धरलेली. तेव्हा सुवार्तानं मोबाईल मांडीखाली सरकवला आणि न बघताच, पानाची एक बाजू अंगठ्यानं दाबून धरली.